धुळाप्पाची पाळी

धुळाप्पा विहिरी खोदायचा. बापाचाही तोच धंदा. बापाने मिशनच्या पाळकांकडून बाप्तिस्मा घेतला तेव्हा धुळाप्पा कडेवर होता. त्याचं नाव दानीएल ठेवलं गेलं, पण आजाने ठेवलेलं धुळाप्पा हेच नाव जळकोटच्या शिवारात आणि आसपासच्या वाड्यांत चाललं. दानीएल म्हणून हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं.

विहिरीचं काम तिघांचं. एक गडी खाली, दोन वर यारीवर. यारी म्हणजे लाकडी खांबांवर बसवलेली फिरकी. खालचा पहार ठोकून खडक फोडतो, दगडाला साखळी बांधतो आणि ‘सुटला’ म्हणून हाक देतो. मग वरचे दांडा फिरवून दगड वर घेतात. दगड खरोखर सुटलेला नसेल तर दांडा उलटा फिरतो आणि वरच्याची बरगडी मोडते. धुळाप्पाने ‘सुटला’ म्हटलं आणि दगड अडला, असं कधी झालं नाही. तो दगडाला चारी अंगांनी हलवून बघायचा. वरचे ओरडत असले तरी घाई करायचा नाही.

यारीवर बहुधा लिंबाजी असायचा. तोही ख्रिस्ती, धुळाप्पाच्याच वाडीतला. हात चालेल तितकीच त्याची जीभ चालायची.

“खाली झोपलास काय रं?”

“दगूड इचार करतुय,” खालून उत्तर यायचं. “तू बी कवा तरी करत जा.”

पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा. नारळ फुटला की बऱ्याच गावांत धुळाप्पाला त्या विहिरीवर चढू देत नसत. त्याने खडक फोडून काढलेलं पाणी त्याला वरून ओंजळीत वाढलं जाई. तो पाणी पिऊन हत्यारं उचलायचा आणि पुढच्या गावाला लागायचा. याबद्दल तो कधी बोलला नाही. फक्त रविवारी वाडीतल्या देवळात तो चटईवर मधोमध बसायचा, कडेला बसायचा नाही.

देऊळ म्हणजे चार दगडी भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद, आत शेणाने सारवलेली जमीन. मंडळी लहानशी. एका हाकेत सगळी घरं गोळा व्हावीत एवढीच. पाळक सोलापुरात राहत. सोलापूर इंग्रजी मुलखात, वाडी निजामाच्या मोगलाईत आणि मधे हद्दीवर नाका. महिना-दोन महिन्यांतून कधीतरी पाळक सायकलवर येत. एरवीच्या रविवारी शाळेचे माणिकप्पा मास्तर उपासना चालवत. मास्तर वचन वाचत, पण प्रार्थना एकटे करत नसत. त्यासाठी घरागणिक पाळी होती. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या कर्त्या माणसाने उभं राहून आपल्या शब्दांत सगळ्यांसाठी प्रार्थना करायची. पुस्तकातलं वाचून दाखवायचं नाही. कुणी पावसासाठी करी, कुणी गाभण म्हशीसाठी. लिंबाजीने एकदा नाक्यावरच्या शिपायाला चांगली बुद्धी दे म्हणून मागणं केलं होतं. मंडळीने हसू दाबत आमेन म्हटलं.

एका उन्हाळ्यात वाडीत पटकी आली. धुळाप्पाची मुलगी हन्ना तिच्यात सापडली. वाडीतली सगळ्यांत वडील बाई म्हणजे सारजाबाई. सुईणीचं काम करायची, धुळाप्पा तिला आत्या म्हणायचा. ती हन्नापाशी बसून राहिली. बाकीची मंडळी अंगणात बसून प्रार्थना करत होती. धुळाप्पाही करत होता. इतकी मनापासून त्याने आयुष्यात कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी हन्ना गेली.

खड्डा त्याने एकट्याने खणला. कुणाला टिकाव धरू दिला नाही. ओढ्याकाठचा मुरूम कठीण होता, तरी चारी कडा ओळंब्यात उतरवल्या. वर आला तेव्हा लिंबाजीने हात पुढे केला. तोही त्याने धरला नाही.

पुढे काही रविवार तो देवळात आला. ओठ हलवायचा. मग त्याच्या घराची पाळी आली. तो उभा राहिला, हात जोडले. मंडळी डोळे मिटून थांबली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. धुळाप्पाला वाटलं, दगड सुटलेला नाही आणि आपण ‘सुटला’ म्हणून हाक द्यायला निघालो आहोत. वर माणसं दांडा धरून उभी आहेत.

“मास्तर,” तो म्हणाला, “माझ्याच्यानं हुईना. खोटं कसं बोलू?”

आणि तो बाहेर गेला.

त्यानंतर तो उपासनेला बसला नाही. पण मंडळी त्याने सोडली असंही म्हणता येत नव्हतं. कामावरून आला की संध्याकाळी देवळाकडे जायचा. माळवदाला नवी पांढरी माती घातली, चोपून बसवली. पावसाचं पाणी भिंतीत मुरत होतं, तिथे चर काढला. दाराबाहेर एक दगडी ओटा बांधला. रविवारी त्याच ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसायचा. आत गाणं चालायचं, प्रार्थना चालायची. संपलं की बायको मार्था बाहेर यायची आणि दोघं घरी जायचे. आपला हिस्सा आपण हातांनी उचलतो आहोत, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

लिंबाजी दारातून आत जाताना म्हणायचा, “देवळाचा राखणदार झालास व्हय रं? पगार काय देतेत?”

“तुझ्यासारख्याला आत सोडायचं का न्हाय, तेवढं बघायचं काम हाय.”

“मंग आज सोडतुस का?”

“पाय पुसून जा.”

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या साली मार्थाला मुलगा झाला. मोगलाईत मात्र स्वातंत्र्य आलेलं नव्हतं. हद्दीवर धामधूम सुरू झाली होती. काही गावांतली माणसं बोचकी बांधून सोलापूरकडे निघाली होती. थंडीच्या सुरुवातीला मास्तर धुळाप्पाच्या अंगणात आले.

“पाळकांचा निरोप आहे. येत्या रविवारी येतो म्हणालेत. नंतर नाक्यावर कधी सोडतील, कधी नाही, त्याचा भरवसा नाही. लेकराचा बाप्तिस्मा उरकून घेऊ.”

“घ्या की,” धुळाप्पा म्हणाला.

“तुला आत यावं लागेल. पाळक बापाला विचारतात. विश्वास आहे का, लेकराला त्या विश्वासात वाढवशील का. सगळ्यांदेखत होय म्हणायचं असतं.”

धुळाप्पा पहारीचं टोक अंगठ्याने चाचपत होता. त्याने पहार भिंतीला टेकवली.

“मार्थाला इचारा म्हणावं. ती म्हणंल.”

मास्तर गेल्यावर मार्था चुलीपासून उठून आली. मूल तिच्या खांद्यावर होतं.

“मी म्हणंन. आन् तुमी भाईर दगडावर बसा. पोरगं मोठं झालं की इचारंल, माझ्या बाप्तिस्म्याला बा कुठं व्हता? सांगंन, चर काढत व्हता.”

“मार्थे, म्या खोटं बोलणार न्हाय.”

“खोटं बोला असं कोण म्हणलं तुमाला?”

“मंग काय म्हणू तिथं?”

मार्थाने मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती म्हणाली, “हन्ना गेली तवा मंडळीनं तिला आपली म्हणून मातीत ठिवली. गावानं ठिवली असती का? ह्यो जिता हाय. ह्याला कुणाचा म्हणायचं, तेवढं सांगा.”

ती पुन्हा चुलीपाशी गेली.

शनिवारी तो देवळाचा उंबरा बसवत होता. जुना लाकडी उंबरा वाळवीने खाल्ला होता. त्याच्या जागी त्याने काळ्या दगडाची एकसंध पट्टी घडवून आणली होती. सारजाबाई काठी टेकत आली आणि ओट्यावर बसली.

“उद्या येणार हायस का?”

“न्हाय आत्या. तुमाला मास्तरनं धाडलं का?”

“मला धाडणारा अजून जलमला न्हाय. का येणार न्हायस?”

“जे मनात न्हाय ते तोंडानं म्हणायचं न्हाय. येवढंच.”

सारजाबाईने गुडघे चोळले. “तुला हिवतापानं धरलं व्हतं बग, त्या चन्नबसप्पाच्या हिरीवर असताना. तवा काम बंद पडलं व्हतं का?”

“न्हाय. लिंबाजी माझ्या जागी खाली उतरला. त्याच्या जागी त्याचा भाऊ यारीवर आला.”

“मंग त्यो लिंबाजी तुझ्या जागी खोटं काम करत व्हता का?”

“खोटं कसं हुईल? वारंगुळा हाय त्यो. आज त्यानं माझं केलं, उद्या म्या त्याचं करायचं. पेरणीला करत न्हाईत का समदी, एकमेकाच्या रानात जाऊन? तसंच.”

“मंग हे काय येगळं हाय? तुला आता दोन सालं झाली उठता येईना. तुझ्या नावानं म्या रोज म्हणते, हन्नाच्या नावानं म्हणते. लिंबाजी म्हणतुय, त्याचं तोंड कसलं बी असंल. ते काम न्हाय का? हे गुडघे टेकून बगावं म्हणजे कळंल काम हाय का करमणूक.”

धुळाप्पाने छिन्नी खाली ठेवली.

“फुकट कुणाचं घ्यायचं न्हाय मनून तर म्या ह्यो उंबरा घडवला, आत्या.”

“उंबरा झ्याक हाय. पण लिंबाजीच्या दिवसाची फेड तू कशानं केलीस? त्याच्या दारात धोंडा नेऊन टाकलास व्हय?”

“न्हाय. त्याच्या हिरीत उतरलो.”

“मंग?”

म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. नव्या उंबऱ्यावरून एक पाय आत टाकून तिने तो पक्का बसला आहे का, ते पाहिलं.

“वारंगुळ्यातल्या माणसाला ताप असला तरी त्यो बांधावर येऊन बसतुय. घरी बसला तर त्यो वारंगुळ्यातला ऱ्हात न्हाय. तू तोंड उघडू नको. पण आत बस. भाईर बसल्याल्याची पाळी कशी काढायची आमी?”

ती गेली. धुळाप्पाने उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना चुना भरला आणि पाणी मारलं. दगड जराही हलत नव्हता. तरी तो बराच वेळ तिथे बसून राहिला.

रविवारी पाळक उशिरा आले. नाक्यावर त्यांची पिशवी उलटी करून पाहिली होती. अंगभर धूळ. वयाने तरुण, पण चेहरा दमलेला. त्यांनी हात-तोंड धुतलं आणि लगेच उपासना सुरू केली, कारण उजेड असेपर्यंत परत हद्द गाठायची होती.

मार्था मूल घेऊन पुढे गेली. धुळाप्पा दारात उभा होता. त्याने उंबरा ओलांडला, चटयांमधून पुढे गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. कुणी मागे वळून पाहिलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पितळी वाटीत पाणी होतं. पाळकांनी आधी मार्थाला विचारलं. तिने होय म्हटलं. मग त्याच्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुमचा विश्वास आहे का?”

धुळाप्पा वाटीकडे बघत होता.

“साहेब, म्या हिरीचं काम करतो. झालं न्हाय ते झालं म्हणत न्हाय. लेक गेल्यापासनं माझ्या तोंडातनं प्रार्थना निघत न्हाय. इस्वास हाय म्हणलो तर खोटं हुईल. न्हाय म्हणलो तर ते बी खोटं हुईल. मला ठावं न्हाय.”

पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं, पण बोट पानातच ठेवलं. असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. मार्थाचे ओठ घट्ट मिटले होते. आता पाळक वाटी उचलून बाजूला ठेवतील, असं तिला वाटलं.

मागे काठी वाजली. सारजाबाई उठत होती.

“साहेब, ह्याची पाळी आमच्याकडं हाय.”

“म्हणजे?”

“ह्याला म्हणता येत न्हाय तवर आमी म्हणतो. ह्या लेकराला तरी कुठं म्हणता येतंय? त्याच्या वतीनं बी आमीच म्हणणार हाव न्हवं?”

लिंबाजीही उठला. “वारंगुळा हाय साहेब. तुमच्या सोलापुरात नसंल.”

कुणीतरी हसलं. मास्तर उभे राहिले, मग बायका, मग उरलेली सगळी मंडळी. देवळात कुणीच बसलेलं राहिलं नाही. पाळकांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि पुस्तक उघडलं.

“मग तुम्हालाच विचारतो. या लेकराला आणि त्याच्या बापाला या विश्वासात तुम्ही सांभाळाल का?”

“व्हय,” मंडळी म्हणाली. आवाज एका सुरात निघाला नाही. लिंबाजीचा सगळ्यांत मोठा होता.

पाळक पुन्हा धुळाप्पाकडे वळले. “आणि तुम्ही? तुम्हाला खरं काय म्हणता येईल, तेवढंच म्हणा.”

धुळाप्पाने विचार केला. कुणी घाई केली नाही.

“दर रईवारी लेकराला घेऊन येईन. आत बसंन. समदे म्हणतील ते ऐकंन. येवढं माझ्या हातात हाय.”

“पुरे आहे,” पाळक म्हणाले. त्यांनी मुलाला हातात घेतलं. मुलाचं नाव सिलास ठेवलं. पाणी गार होतं, पोरगं किंचाळलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

पाळक गेले ते पुढे जवळजवळ वर्षभर येऊ शकले नाहीत. वाईट दिवस होते. लिंबाजीची भावकी हद्दीपलीकडे गेली, आणखी दोन घरांना कुलपं लागली. मंडळी आधीच लहान, ती आणखी लहान झाली. एखाद्या रविवारी गाण्यापेक्षा बाहेरच्या पावलांकडेच सगळ्यांचे कान असत. तरी मास्तरांनी उपासना चुकवली नाही आणि धुळाप्पानेही दिलेला शब्द चुकवला नाही. पोराला मांडीवर घेऊन तो चटईवर मधोमध बसायचा. त्याच्या घराची पाळी आली की मास्तर त्याचं नाव घेत. तो उभा राही, हात जोडी. सारजाबाई बसल्या जागेवरून त्याच्या वतीने प्रार्थना करी. ती आमेन म्हणेपर्यंत तो उभा असे, मग खाली बसे. हे पाहून मनात कुणाला काय वाटलं असेल ते असो, बोलून कुणी दाखवलं नाही. धुळाप्पा मात्र प्रत्येक वेळी ऐकत होता. आपल्यासाठी दुसरं माणूस राबत असताना जसं लक्ष ठेवून पाहावं, तसं.

भादव्यात हिंदी फौजेच्या गाड्या जळकोटवरून हैदराबादकडे गेल्या. मोगलाई संपली. वाडीत पाऊस लांबला होता आणि सारजाबाईला छातीच्या दुखण्याने धरलं. ती उठेना. त्या रविवारी पाळी तिच्याच घराची होती, आणि त्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मास्तरांनी वचन वाचून पुस्तक बाजूला ठेवलं. “आज सारजाबाईंची पाळी,” ते म्हणाले. “त्या येऊ शकल्या नाहीत, तेव्हा मीच—”

धुळाप्पाने सिलासला मार्थाच्या मांडीवर ठेवलं आणि उभा राहिला. मास्तर थांबले.

धुळाप्पाने हात जोडले. खालमानेने थोडा वेळ उभा राहिला. शब्द सापडत नव्हते असं नाही. तो ते एकेक करून हलवून बघत होता.

“देवा,” तो म्हणाला, “आत्याच्या वतीनं म्हणतोय. तिच्या छातीत दुखतंय. तिला श्वास घेता येऊ दे. ती समद्यांसाठी लई राबली हाय, आता तिच्यासाठी आमी हाव. वाडीतली जी माणसं गेली, त्यांला माघारी आण. लिंबाजीचा भाऊ पलीकडं हाय, त्याला बी आण, यारीवर गडी न्हाय.” तो थांबला. मार्थाला वाटलं, संपलं. “हन्नाचं म्या इसरलो न्हाय. ते तुझ्याकडं बाकी हाय. पर आत्याला बरं कर.”

आमेन म्हणायचं त्याला आठवलं नाही. ते मंडळीने म्हटलं. मग तो खाली बसला, पोराला परत मांडीवर घेतलं आणि मास्तरांनी गाणं काढलं.